सांधे धरले की ‘डी’ची पुडी?

बालाघाट शहराला लागून असलेल्या भरवेलीत मँगनीजची खाण आहे. आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ती ओळखली जाते आणि तिचा कारभार नागपूरच्या ‘मॉयल’ कंपनीकडे आहे. अशा गावात सांधेदुखीवर लिहायचं तर ऊन आणि धूळ या दोन्ही गोष्टी येतातच. खालच्या पाळीचा माणूस उन्हाला मुकतो आणि दगडाची धूळ त्याच्या वाट्याला येते. यांपैकी उन्हाची चर्चा हल्ली घराघरात होते. हात दुखले, गुडघे धरले, सकाळी बोटं वळेनाशी झाली की उन्हातून मिळणाऱ्या ‘डी’ जीवनसत्त्वाची पुडी औषधाच्या दुकानातून येते. धुळीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. वास्तविक रुमॅटॉइड संधिवाताच्या बाबतीत धुळीचा पुरावा पुडीच्या पुराव्यापेक्षा कितीतरी पक्का आहे.

आधी कोणत्या दुखण्याबद्दल बोलतो आहोत ते स्पष्ट करू. वयानुसार झिजलेला गुडघा वेगळा आणि रुमॅटॉइड, म्हणजे आमवात, वेगळा. आमवातात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजतं आणि त्या सुजेनं शेजारचं हाड व कूर्चा कुरतडली जाते. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सुमारे चार हजार प्रौढांची पाहणी केली होती. दुखणी पुष्कळ निघाली, पण आमवात साधारण दोनशे माणसांमागे एकालाच होता. म्हणजे प्रत्येक सांधेदुखी आमवाताची नसते. मात्र दोनशेत एक म्हणजे मोठ्या गावात पंचवीस-तीस माणसं, आणि त्यांत बायका पुरुषांच्या दुपटी-तिपटीनं. बऱ्याच जणी ‘बाळंतपणात वारा लागला’ म्हणून वर्षानुवर्षं सोसत राहतात.

आता डी जीवनसत्त्वाकडे. त्वचेत कोलेस्टेरॉलचा एक भाऊबंद पदार्थ असतो. उन्हातले ‘यूव्हीबी’ किरण पडले की त्याचं डी बनतं. पुढे यकृतात त्यावर एक संस्कार होतो, मूत्रपिंडात दुसरा, आणि मग ते कामाला लागतं. हाडांत कॅल्शियम बसवणं हे त्याचं मुख्य काम. पण संरक्षणव्यवस्थेच्या पेशींवरही डीला ओळखणारे ग्राहक असतात, आणि प्रयोगशाळेत डी दिलं की त्या पेशींचा आक्रस्ताळेपणा कमी होतो. यावरूनच संशोधकांना शंका आली की डीच्या कमतरतेमुळे आमवात होत असेल का?

उत्तर अजून अर्धवट आहे, आणि ते अर्धवटच सांगायला हवं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या तीसेक हजार प्रौढ बायकांच्या अभ्यासात, २००४ साली, आहारातून डी जास्त घेणाऱ्यांत आमवात कमी दिसला. चारच वर्षांनी अमेरिकेतल्याच परिचारिकांच्या मोठ्या अभ्यासात तो फरक दिसला नाही. मग खरी चाचणी झाली, ‘व्हायटल’ नावाची. पन्नाशी ओलांडलेल्या २५ हजारांहून जास्त लोकांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट डी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, पाच वर्षांहून अधिक काळ. २०२२ साली निकाल आला. डी घेणाऱ्यांत आमवातासारखे सगळे स्वप्रतिकारक आजार मिळून सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाले होते. बातम्यांचे मथळे इथेच थांबले. पण हा आकडा अनेक आजारांची बेरीज आहे, एकट्या आमवाताचे रुग्ण त्यात थोडेच होते आणि गोळ्या थांबवल्यानंतर पुढच्या काही वर्षांत तो फायदा टिकला नाही. भाग घेणारी माणसं उतारवयातली होती हेही लक्षात ठेवा. आपल्याकडे आमवात बऱ्याचदा तिशी-चाळिशीतच गाठतो.

एक गोम आणखी आहे. आमवाताच्या रुग्णांचं रक्त तपासलं की डी कमी निघतं, हे खरं आहे. पण शरीरात कुठेही सूज पेटली की रक्तातलं डी आपोआप खाली येतं. शिवाय ज्याचे सांधे दुखतात तो घराबाहेर कमी पडतो, म्हणजे ऊनही कमी. तेव्हा कमी डी हे आजाराचं कारण की आजाराचा परिणाम, हे एका रिपोर्टवरून ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं मानणं सोपं असतं, आणि दुकानदाराच्या सोयीचंही.

हा गुंता सोडवायला जनुकांची मदत घेतली गेली. डी ओळखणाऱ्या ग्राहकाचं जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे, त्याचं नाव ‘व्हीडीआर’. माणसामाणसांत त्याच्या अक्षरांत किरकोळ फरक असतात. त्यातल्या ‘फॉक-वन’ नावाच्या फरकामुळे काहींचा ग्राहक ४२४ दुव्यांचा बनतो, काहींचा ४२७ दुव्यांचा, आणि आखूड ग्राहक जरा चपळ असतो. या फरकांचा आमवाताशी संबंध युरोपातल्या काही अभ्यासांत दिसला, इतर लोकसमूहांत कधी दिसला, कधी नाही. रक्तात डी वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं आणि यकृतात डीवर संस्कार करणाऱ्या विकराचं जनुकही माणसागणिक थोडं वेगळं असतं. त्यामुळे दोघं सारख्याच उन्हात राबले तरी त्यांचे रिपोर्ट वेगळे येऊ शकतात. पण ज्यांच्या नशिबी जन्मतःच कमी डीची जनुकं आली, त्यांना आमवात जास्त होतो का, हे जेव्हा मोठ्या संख्येनं तपासलं गेलं, तेव्हा तसं आढळलं नाही. कमतरतेवर ठपका ठेवणाऱ्यांच्या बाजूचा हा सर्वांत मोठा खड्डा.

आमवाताच्या वारशात खरं वजन आहे ते सहाव्या गुणसूत्रावरच्या ‘एचएलए-डीआरबी-१’ या जनुकाचं. संरक्षणव्यवस्थेला ‘हे आपलं, हे परकं’ असं दाखवणारा साचा ते बनवतं. १९८७ साली पीटर ग्रेगर्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की आमवाताशी जोडलेल्या त्याच्या वेगवेगळ्या प्रकारांत एक छोटा तुकडा समान असतो. पाश्चात्त्य लोकांत महत्त्वाचं ठरलेलं ‘पीटीपीएन-२२’ या जनुकाचं रूप मात्र आशियाई लोकांत फारच विरळ आहे. म्हणून परदेशी कंपनीच्या जनुक-अहवालात ‘धोका कमी’ असं छापून आलं तरी भरवेलीच्या, गोंदियाच्या माणसानं निर्धास्त होण्यात अर्थ नाही. तो अहवाल आपल्या लोकांवर बेतलेला नाही.

आणि जनुकं म्हणजे कुंडली नव्हे. जुळ्या भावंडांचे अभ्यास सांगतात की आजाराच्या प्रवृत्तीत वारशाचा वाटा निम्म्याहून जास्त, साधारण साठ टक्के असावा. तरीही तंतोतंत सारखी जनुकं असलेल्या जुळ्यांपैकी एकाला आमवात झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण शंभरात बारा-पंधराच भरतं. राहिलेल्या पंच्याऐंशींच्या बाबतीत काहीतरी घडलं नाही म्हणून आजार झाला नाही. ते ‘काहीतरी’ काय, हे शोधणं जास्त उपयोगाचं. जनुक-चाचणीवर पैसे घालवू नका, एवढाच माझा स्पष्ट सल्ला. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कुणाला आमवात असेल तर तुमचा धोका इतरांच्या काही पट आहे. एवढी माहिती पुरेशी आहे आणि ती फुकट मिळते. आत्याची बोटं वाकडी का झाली होती, हे घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा नीट विचारून ठेवा.

या ‘काहीतरी’त सर्वांत वर धूर आहे. विडी-सिगारेटच्या धुरानं फुप्फुसांतल्या प्रथिनांचं रूप बदलतं, ‘सिट्रुलिन’ तयार होतं. एचएलएचा तो खास तुकडा ज्यांच्याकडे आहे त्यांची संरक्षणव्यवस्था या बदललेल्या प्रथिनांना शत्रू समजू लागते. रक्तात ‘अँटी-सीसीपी’ नावाची प्रतिद्रव्यं उमटतात, सांधा दुखू लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी. जनुक आणि परिस्थिती हातात हात घालून चालतात याचं वैद्यकातलं हे फार चांगलं उदाहरण आहे. तेंदूपत्त्याच्या या मुलखात हे लिहिताना संकोच वाटतो, कारण पानं तोडण्याच्या हंगामावर अनेक घरं चालतात. पण ज्याच्या घरात आमवात आहे त्यानं विडी ओढू नये, हे सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचं काय? त्यात धूर नाही, म्हणून हाच मार्ग त्याला लागू होत नाही. पण त्यानं हिरड्या खराब होतात, आणि हिरड्यांच्या जुन्या आजाराचा आमवाताशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

धुरानंतर धूळ, आणि इथे भरवेलीचा थेट संबंध येतो. या पट्ट्यातल्या मँगनीजच्या खडकाला ‘गोंडाइट’ म्हणतात. लुईस फर्मर या भूशास्त्रज्ञानं गोंड लोकांवरून हे नाव दिलं. हा खडक एका जातीच्या गार्नेटचा आणि क्वार्ट्झचा, म्हणजे गारेचा, बनलेला असतो. गारेचा दगड फोडला, त्यात भोकं पाडली की सिलिकाची बारीक धूळ उडते. कार्डिफचे डॉ. अँथनी कॅप्लन यांनी १९५३ साली वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या छातीच्या एक्स-रेमध्ये विशिष्ट गोल गाठी पाहिल्या. त्या कामगारांना आमवातही होता. पुढे स्वीडनमधल्या अभ्यासात दिसलं की सिलिकाच्या धुळीत काम आणि वर सिगारेट, असं दोन्ही असलेल्यांत अँटी-सीसीपीवाल्या आमवाताचा धोका सातेक पट होता. दोन कारणांची नुसती बेरीज केली तर इतका आकडा येत नाही.

यावरून खाणीतल्या प्रत्येकाला आमवात होणार, असं कृपा करून समजू नका. धूळ फुप्फुसापर्यंत किती पोचते ते भोक पाडताना पाणी सोडलं जातं का, हवा किती खेळती आहे आणि मास्क कसला आहे यांवर ठरतं. तोंडाला बांधलेला गमछा ही धूळ अडवत नाही. ती इतकी बारीक असते की डोळ्यांना दिसतही नाही. खाणीत नोकरीला लागताना आणि नंतर ठरावीक काळानं वैद्यकीय तपासणी होते, छातीचा एक्स-रेही निघतो. ती टाळू नका, आणि त्या वेळी सांध्यांचं दुखणं आवर्जून सांगा. ‘फिटनेस’ जाईल या भीतीनं माणसं गप्प बसतात. ती भीती समजण्यासारखी आहे, पण बोटं वाकल्यावर फिटनेस तसाही जातोच. कंत्राटी कामगारांनी आपल्या तपासणीची नक्कल घरी ठेवावी. कंत्राटदार बदलतो, धूळ तीच राहते. दगड फोडणारे, गिट्टी क्रशरवरचे आणि विहीर खोदणारे यांनाही हे सगळं लागू आहे.

मग डीचं करायचं काय? कमतरता असेल तर ती भरून काढायचीच, पण हाडांसाठी. डी फार कमी झालं की हाडं मऊ पडतात. अशा माणसाच्या मांड्या, कंबर, बरगड्या ठणकतात, पायात त्राण राहत नाही, जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागतो. ही दुखणी डीनं खरोखर जातात, आणि म्हणूनच पुडीचं इतकं नाव झालं. आमवाताची खूण वेगळी असते. हाताच्या बोटांच्या मुळाचे व मधले सांधे, मनगटं, पावलांचे पुढचे सांधे, बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच सुजतात. सकाळी उठल्यावर तास-अर्धा तास किंवा जास्त वेळ ते आखडलेले राहतात, आणि काम करत गेलं की मोकळे होतात. झिजेच्या गुडघ्याचं उलटं असतं, तो चालल्यावर दुखतो आणि बसल्यावर शांत होतो.

उन्हाबद्दल एक लोकप्रिय गैरसमज दूर करायला हवा. सकाळचं कोवळं ऊन अंगावर घ्यावं, त्यानं डी मिळतं, असं आपल्याकडे सगळेच सांगतात. कोवळं ऊन सुखाचं असतं खरं, पण त्यात यूव्हीबी जवळपास नसतात. सूर्य खाली असताना ते वातावरणातच शोषले जातात. खूण सोपी आहे: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. भरवेली साधारण पावणेबावीस अक्षांशावर आहे. इथे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी बारालासुद्धा सावली माणसाएवढीच असते, म्हणजे तेव्हा दुपारचंच ऊन घ्यायला हवं. पहिल्या पाळीचा माणूस वर येईपर्यंत सूर्य कललेला असतो, म्हणून त्यानं सुट्टीचा दिवस आणि रात्रपाळीच्या आठवड्यातली दुपार वापरावी. मे महिन्यात मात्र दुपारी उन्हात बसणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. तेव्हा सकाळी नऊ-दहालाच सावली आखूड झालेली असते, तेवढं पुरे. हात, पाय, शक्य तर पाठ उघडी ठेवून आठवड्यातून तीन-चार दिवस वीस-तीस मिनिटं. सावळ्या त्वचेला गोऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही. आणि गालांवर चट्टे उठत असतील, उन्हात गेल्यावर ते वाढत असतील, तर ऊन घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. तो ल्युपस हा स्वप्रतिकारक आजार असू शकतो.

जेवणातून डी थोडंच मिळतं. अंड्याचा पिवळा बलक, मासे, आणि ‘+एफ’ असं चिन्ह असलेलं दूध व तेल, ज्यात ए आणि डी मुद्दाम मिसळलेलं असतं. पावसाळ्यातल्या सात्या-टेकोड्यांत, म्हणजे रानअळंब्यांत, उन्हात वाळवल्यावर डीचा एक प्रकार तयार होतो, पण रानातलं काहीही ओळखीच्या जाणत्याशिवाय खाऊ नये.

पुडीचा हिशेब एकदा बोटांवर करून पाहा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२०च्या शिफारशीत प्रौढाची रोजची गरज ६०० युनिट ठरवली. बाजारातली पुडी ६०,००० युनिटची, म्हणजे एक पुडी शंभर दिवसांची. कमतरता सिद्ध झाली की डॉक्टर ती आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे देतात आणि मग मात्रा उतरवतात. चिठ्ठी नीट न वाचता रोज एक अशी महिनाभर घेतली तर काय होईल? रक्तात कॅल्शियम चढतं, ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, सतत तहान, वारंवार लघवी, आणि पुढे मूत्रपिंडाला इजा. जास्तीचं डी लघवीवाटे निघून जात नाही, ते चरबीत साठतं. आधी मुतखडा झालेल्यांनी तर विचारल्याशिवाय पुडीला हातच लावू नये. रक्ताच्या रिपोर्टात २०च्या खाली कमतरता धरतात. २० ते ३०च्या मधल्या आकड्यानं घाबरायचं कारण नाही. धडधाकट माणसानं उगाच डीची चाचणी करत बसू नये, असं अमेरिकेतल्या अंतःस्रावी ग्रंथीच्या तज्ज्ञांच्या संस्थेनंही २०२४मध्ये सांगितलं. पण खालच्या पाळीचा माणूस, अंगभर झाकून घरातच राहणारी बाई, वृद्ध, आणि स्टेरॉइड घेणारे यांनी चाचणी करून घेण्यात अर्थ आहे.

या भागात डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी विचारा. पहिली सिकल सेल. आमवाताच्या जनुकांच्या गोष्टी ऐकत बसण्यापेक्षा बालाघाट, गोंदिया, भंडारा पट्ट्यात जास्त महत्त्वाचं असलेलं जनुक हेच आहे. या आजारातही हातपाय असह्य दुखतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि माणूस ‘वात’ म्हणून गोळ्या खात राहतो. केंद्र सरकारची सिकल सेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झाली. रक्ताची साधी तपासणी त्यात होते, ती घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः लग्नाआधी, करून घ्यावी. दुसरी चिकुनगुन्या. तापानंतर महिनोन्‌महिने सांधे सुजलेले राहतात, ते हुबेहूब आमवातासारखे दिसतात. कधी ताप आला होता ते डॉक्टरांना सांगा.

आमवात ठरवायला रक्तातला आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर किंवा सीआरपी, आणि हातांची नीट तपासणी लागते. या पहिल्या दोन चाचण्या नकारात्मक येऊनही आमवात असू शकतो, बऱ्याच रुग्णांचं तसं असतं. उलट आरए सकारात्मक आला म्हणजे आमवात झालाच असंही नाही. सूज सुरू झाल्यापासून पहिल्या तीन ते सहा महिन्यांत नेमकं औषध मिळालं तर सांधे वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त. मुख्य औषध मेथोट्रेक्सेट, स्वस्त आणि अनेक दशकं वापरात असलेलं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर लिहा. सोबत फॉलिक ॲसिड, ठरावीक काळानं रक्त आणि यकृताची तपासणी. दारू नको. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण गर्भाला हे औषध घातक आहे. बाजारात ‘जडीबुटीच्या’ नावानं मिळणाऱ्या निनावी पुड्यांनी दोन दिवसांत आराम पडला तर हुरळू नका. तसा चमत्कार बहुतेकदा आत मिसळलेल्या स्टेरॉइडचा असतो, आणि तेच स्टेरॉइड हाडं पोकळ करतं.

तेव्हा सहा आठवड्यांहून जास्त दिवस बोटांचे सांधे सुजलेले असतील आणि सकाळी मूठ वळत नसेल, तर पुढची पुडी राहू द्या. बालाघाटच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. तिथून पुढे पाठवलं तर गोंदियाचं वैद्यकीय महाविद्यालय रेल्वेनं जवळ आहे, नागपूर किंवा जबलपूरला संधिवाताचे तज्ज्ञ भेटतात. जाताना जुने रिपोर्ट, आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची वेष्टनं, घरात कुणाला आमवात किंवा सिकल सेल आहे त्याची माहिती, आणि किती वर्षं धुळीत काम केलं त्याची नोंद बरोबर न्या. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.